ऐंशी कोलाचे

अमेरिकेत मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते एका चेक बाईच्या स्वयंपाकघरात. आमचं घर पिस्कॅटवेला होतं. आमचं म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं. मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे बोझेना राहायची. ती साठीची, एकटी आणि उंच होती, आणि तिचे हात कणीक तिंबून तिंबून पुरुषासारखे झाले होते. मी बावीस वर्षांची, एम.एस्सी. केमिस्ट्री आणि लग्नाला आठ महिने झालेली. माणूस मोठं केव्हा होतं असं मला विचारलं तर मी त्याच वर्षाकडे बोट दाखवीन. त्याआधी मी फक्त वाढले होते. मोठी झाले ती सूड घेतल्यावर. हे वाक्य माझ्या मुलीला आवडत नाही. “आई, दॅट्स नॉट हेल्दी,” असं ती म्हणते. तिच्या पिढीला सगळं विसरून पुढे जायचं असतं. मी काही विसरलेले नाही आणि पुढेही बरीच आले आहे.

दिरांना मी भावजी म्हणत असे आणि जावेला वहिनी. नाव सुलभा. वहिनी ऑफिसात जायच्या, स्वतः ड्राइव्ह करायच्या, आणि मराठी मंडळात त्यांचं वजन होतं. आम्ही, म्हणजे माझा नवरा अरविंद आणि मी, त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. अरविंदला भावाने स्पॉन्सर केलं होतं, त्याला नुकती नोकरी लागली होती, आणि त्याच्या मनात भावाविषयी इतकी कृतज्ञता होती की बोलायचं झालं तरी तो आधी परवानगी घेतल्यासारखा घसा साफ करायचा. सकाळी सहाला वरच्या मजल्यावर वहिनींच्या सपाता वाजायला लागल्या की मी चहाला लागत असे. मग डबे, कपडे, दोन्ही वेळचा स्वयंपाक. फोडणी मात्र घरात करायची नाही. “अगं, कार्पेटला स्मेल बसतो. गराजमध्ये कर.” म्हणून मी गराजमध्ये, गाडीने सांडलेल्या तेलाच्या डागाशेजारी, विजेच्या शेगडीवर फोडणी करायची आणि ती कढई दोन्ही हातांनी धरून घरात पळत यायची. ओव्हन होता, पण त्यात तवे आणि कढया ठेवलेल्या असत. माझ्या माहेरी रविवारी मटण शिजायचं, हे वहिनींनी लग्नाआधीच शोधून काढलं होतं. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, त्यामुळे तो विषय कधी संपायचाच नाही. पण गंमत अशी की माझ्या हातचं त्यांना सगळं चालायचं. फक्त माझं नाव चालत नव्हतं. पाहुण्यांपुढे आळूवड्या आल्या की त्या म्हणायच्या, “आज जरा वेळ मिळाला म्हणून केल्या.” आणि मी त्याच आळूवड्यांची ताटली धरून शेजारी उभी असायची.

बोझेनाशी ओळख झाली ती शेपूमुळे. उन्हाळा होता, मी कपडे वाळत घालायला मागे गेले होते. वहिनींना तेही आवडत नसे, कारण अमेरिकेत कपडे ड्रायरमध्ये वाळवतात. कुंपणाच्या फटीतून शेपूचा वास आला. मी चवड्यांवर उभी राहून पाहिलं तर पलीकडे कमरेएवढा शेपू, पिवळ्या फुलांवर आलेला. मला तर रडूच आलं. मी गावातल्यासारखी हाक मारली, “मावशी!” आणि मग जीभ चावली. पण त्या बाईने मान वर केली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता मूठभर शेपू उपटून कुंपणावरून दिला. दुसऱ्या दिवशी वहिनी ऑफिसला गेल्यावर तिने मला हाताने खूण करून बोलावलं आणि पुढ्यात एक वाडगा ठेवला. आंबट सायीचं दाट पांढरं सूप, त्यात बटाटा, अळंबी, वरून एक उकडलेलं अंडं आणि भरपूर शेपू. त्याला ते कुलायदा म्हणतात. शेपू म्हणजे मुगाची डाळ आणि लसूण, एवढंच मला ठाऊक. तो असा दुधातुपात न्हालेला मी प्रथमच पाहत होते. मी दोन वाडगे खाल्ले. तिने तिसरा ओतला. “खा,” ती म्हणाली, “तुझी मनगटं बघ.”

मग मी रोजच जायला लागले. दुपारचे दोन तास माझे असत. तिचं इंग्रजी तुटक होतं, माझं पुस्तकी, पण कणकेला भाषा लागत नाही. बटाटा किसून लसूण घालून ती तव्यावर जाडसर धिरडं करायची, ब्रांबोराक, आणि ते कडेने करपलं की मला माझ्या आईचं थालीपीठ आठवायचं. पावाच्या तुकड्यांची कणीक मळून तिचे लांबट गोळे ती उकळत्या पाण्यात सोडायची आणि शिजल्यावर सुरीने नाही, दोऱ्याने कापायची. सुरीने चिकटतात, दोऱ्याने सुटे होतात. त्या क्नेडलिकींबरोबर भाजलेलं बदक आणि आंबट कोबी. मी आठ महिन्यांनी मांस खात होते. तोंडातला घास गिळताना मला वहिनींचा चेहरा दिसला आणि मी आणखी एक तुकडा वाढून घेतला, मुद्दाम. सगळंच आवडलं असं नाही. एक ताकासारखं आंबट, त्यात लोणचं घातलेलं काहीतरी तिने दिलं होतं, ते मला अजून आठवलं की दात आंबतात. पण कोलाचे! तळहाताएवढी मऊ गोल पोळी, मध्ये खळगा, खळग्यात दुधात शिजवलेली खसखस आणि साखर, किंवा आटवलेल्या प्लमचा काळा मुरंबा, किंवा गोड चक्का. अनारशाला खाली लावतो ती खसखस त्या लोकांनी अशी पोटभर खायला काढली होती. बोझेना त्यांच्या कणकेत डुकराची चरबी घालायची. तिने ते मला पहिल्याच दिवशी डबा उघडून दाखवलं होतं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

सप्टेंबर लागला तसं मी खायचं कमी केलं. तिने विचारलं. मी सांगितलं की आल्या आल्या मी इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी.साठी अर्ज केला होता आणि त्याचं काहीच उत्तर आलं नाही, नकारसुद्धा नाही. “फोन कर,” ती म्हणाली. मी म्हणाले, वहिनी फोनचं बिल तपासतात. तिने भिंतीवरचा फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. फोनच्या पलीकडची बाई चांगली होती. तिने फाइल शोधली. “पण तुम्हाला तर जुलैमध्येच पत्र पाठवलं. प्रवेश होता, असिस्टंटशिपही होती. तुम्ही कळवलं नाहीत म्हणून ती जागा दुसऱ्याला दिली.” मी म्हणाले, पत्र मिळालं नाही. कागदांची सळसळ ऐकू आली. “रजिस्टर्ड होतं. पोचपावतीवर सही आहे. एस. आपटे.” मी तिला ते नाव पुन्हा वाचायला लावलं. जानेवारीत पुन्हा घेता येईल का ते विचारते, सरांना येऊन भेटा, असं ती म्हणाली.

एस. आपटे. जुलैत एका संध्याकाळी वहिनींनी मला विचारलं होतं, “काय गं, तुझ्या कॉलेजचं काही कळलं का? नाही? बघ बाई, इथे कॉम्पिटिशन फार.” आणि माझ्या पाठीवर हात फिरवला होता. पत्र लपवल्याचा राग मला आजही येतो, पण तो हात आठवला की माझ्या पाठीची कातडी आक्रसते. घरात कोणी बिनपगारी राबत असेल तर ते हातचं का घालवायचं, इतकाच तो हिशोब. अरविंदला मी सांगितलं नाही. त्याने काय केलं असतं ते मला पाठ होतं. तो भावाला विचारणार, भाऊ बायकोला विचारणार, बायको रडणार, आणि अरविंद बेसमेंटमध्ये येऊन मला म्हणणार, “अगं, गैरसमज झाला.”

बोझेनाने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि चहा ओतला. मग तिने तिची गोष्ट सांगितली. त्यांच्या देशात, त्यांच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईने बोझेनाच्या नवऱ्याविरुद्ध वर, सरकारात, चिठ्ठी लिहिली होती. तो शाळामास्तर होता, त्याला बॉयलरमध्ये कोळसा ओढायला लावलं आणि पुढे त्या धुळीनेच तो वारला. “कोणी लिहिलं ते मला ठाऊक होतं. तरी चार वर्षं मी तिला जिन्यात गुड मॉर्निंग म्हणत राहिले. निघताना माझी शिवणाची मशीनसुद्धा तिला देऊन आले.” तिने कप बशीवर ठेवला. “लोक म्हणतात, सूड घेतला की झोप लागत नाही. मी घेतला नाही. मला विचार झोप लागते का.”

दिवाळीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली आणि संधी आपण होऊन चालत आली. वहिनींना मंडळाचं अध्यक्षपद हवं होतं. दर वर्षी चकल्या-करंज्या असतात, यंदा काहीतरी नवीन हवं, असं त्यांच्या मनात आलं. मी एकदा बोझेनाकडचे प्लमचे कोलाचे घरी आणले होते, तिने चरबीशिवाय मुद्दाम वेगळे केलेले, ते त्यांनी चाखले होते. “तू त्या बाईकडून शिकतेस ना? ऐंशी कर. पण हे बघ, मंडळात तुला कोण ओळखतं? मी केले म्हणून सांगते. रागवू नकोस हं.” मी म्हणाले, “छे, वहिनी. तुम्हीच सांगा. माइकवरून सांगा.”

मी ते कोलाचे बोझेनाच्या ओव्हनमध्ये केले आणि शुद्ध लोण्यात केले. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण त्यावरून पुढे फार बोललं गेलं. अंडं घातलं नाही. ट्रे सोड्याने उकळून घासले. केमिस्ट्रीवालीला भांडं कसं धुवायचं ते शिकवावं लागत नाही. मंडळातल्या लोकांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं, त्यांच्या पोटात मी काही घालणार नव्हते. मला फक्त एका बाईच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते ती स्वतःहून बोलणार होती. बोझेनाला मी पाहुणी म्हणून बोलावलं. तिने वहिनींना एकच प्रश्न विचारायचा होता. त्या दिवशी ती निळा झगा घालून, केसांना पिना लावून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी आली.

शाळेचा हॉल होता. नाट्यगीत झालं, लहान मुलींचा नाच झाला, मग फराळाच्या टेबलांकडे गर्दी. वहिनी डाळिंबी पैठणीत होत्या. त्यांनी खरोखरच माइक घेतला. “यंदा मी एक प्रयोग केलाय. खसखशीचे कोलाचे! दोन रात्री जागून माझ्या हातांनी केलेत, सांभाळून घ्या.” टाळ्या पडल्या. ऐंशीतले दहा मिनिटांत दोन-चारच उरले. डॉक्टर सबनिसांच्या आई, ज्यांना सगळे माई म्हणत, त्या नऊवारीतल्या बारीकशा म्हाताऱ्या बाईंनी तीन खाल्ले. वहिनींनी बोझेनाला हाताला धरून पुढे आणलं. “ही माझी फ्रेंड. हिच्याकडूनच शिकले.” बोझेनाने एक कोलाच हातात घेतला, तोडला, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “फार सुंदर. आमच्यात कणकेत लार्ड घालतात. तुम्ही किती घातलंत?”

वहिनी हसल्या. त्यांना शब्द माहीत नव्हता. “ॲज यू टोल्ड मी,” त्या म्हणाल्या. “तेवढंच घातलं.”

मी प्रश्न ठरवला होता. हे उत्तर मी स्वप्नातही मागितलं नव्हतं.

डॉक्टर सबनीस हातातला घास तसाच धरून म्हणाले, “लार्ड? अहो सुलभाताई, लार्ड म्हणजे डुकराची चरबी.”  मग एका कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बायका पदर तोंडाला लावून बाथरूमकडे निघाल्या. एका काकांनी पेपर नॅपकिनमध्ये थुंकलं. दोन तरुण पोरं खदखदून हसली आणि एकाने उरलेला कोलाच तोंडात टाकला. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. “नाही, नाही, बटर असेल! बटरच!” “असेल म्हणजे?” कोणीतरी विचारलं. “तुम्हीच केलेत ना?” तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. “वसुधा, सांग ना यांना. काय घातलं होतंस?”

“मला काय माहीत, वहिनी,” मी म्हणाले. “तुम्ही दोन रात्री जागून केलेत.”

त्या फुटल्या. “हिने केलेत सगळे! मी हातसुद्धा लावला नाही! हिच्या माहेरी खातात हो असलं!” आणि मग मी ते विचारलं जे मला सप्टेंबरपासून विचारायचं होतं. आवाज चढवला नाही. “जुलैमध्ये माझ्या नावाचं एक पत्र आलं होतं. तुम्ही सही करून घेतलंत. ते कुठे आहे सांगा, मग कणकेत काय होतं ते मी सांगते.”

“कसलं पत्र?” वहिनी म्हणाल्या. इथपर्यंत सगळं मी कल्पनेत शंभर वेळा पाहिलं होतं. पुढचं नव्हतं पाहिलं. मागे उभे असलेले भावजी, जे मला कधी वावगं बोलले नाहीत, मी दमले की स्वतः पाण्याचा ग्लास आणून द्यायचे, ते घाईघाईने पुढे होत म्हणाले, “ते युनिव्हर्सिटीचं? अगं, ते तर आपण...” आणि थांबले.

तो ‘आपण’ मला वहिनींच्या कोणत्याही बोलण्यापेक्षा जास्त लागला. मी अरविंदकडे पाहिलं. तो भावाकडे बघत होता. घसा साफ न करता त्याने विचारलं, “दादा, तुला माहीत होतं?”  अरविंदने खुर्चीवरचा माझा कोट उचलला, मला घातला आणि आम्ही बोझेनाच्या गाडीतून घरी आलो. कणकेत काय होतं ते मी तिथे कोणालाही सांगितलं नाही. पत्र कुठे आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त एकीची काळजी मला खात होती. दुसऱ्या दिवशी बोझेनाला घेऊन मी सबनिसांकडे गेले. माईंनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं, देवघरापाशी बसल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि सांगितलं, “माई, लोणी होतं. आईशपथ, लोणीच होतं. तुम्ही उपास सोडा.” त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग विचारलं, “सुलभाला सांगितलंस?” मी मानेनेच नाही म्हटलं. माई हळूहळू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, ते सगळं संपवलं आणि म्हणाल्या, “मागच्या संक्रांतीला मला सगळ्यांदेखत म्हणाली होती, माई, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा, फोटोत मध्ये मध्ये येता. नको सांगूस इतक्यात.” माईंनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

वहिनी अध्यक्ष झाल्या नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरी कोणी जेवायला आलं की आधी घासाचा वास घेतं, असं त्या रडून सांगत, ते माझ्यापर्यंत यायचं आणि मला गोड लागायचं. अजूनही लागतं, मी खोटं कशाला लिहू? दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला होता. भावजी गेल्यानंतर त्या अल्फारेटाला मुलाकडे असतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, “वसुधा, आता तरी सांग गं. काय होतं त्यात?” मी म्हणाले, “वहिनी, तब्येतीला जपा.” हे प्रकरण छापून आलं तर त्यांना कळेल. त्यांनी विकत घेऊन वाचावं.

सरांना मी भेटले, जानेवारीपासून प्रवेश मिळाला. बोझेनाने वरच्या मजल्याच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही बेसमेंट सोडलं. सामान म्हणजे दोन सुटकेसेस आणि माझी पुस्तकं. अरविंद एक एक नेऊन कुंपणावरून पलीकडे देत होता आणि बोझेना ती ओढून घेत होती. भावजी बेडरूममधून बाहेरच आले नाहीत. मी पुढच्या दाराशी बूट घालत होते, तेव्हा सपाता वाजल्या आणि वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माफी मागतात की काय. मागितली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नव्हतं.

“उद्या ऑफिसचे बारा जण येणार आहेत,” त्या म्हणाल्या. “निदान चिवडा तरी करून जा.”

मी बुटाची नाडी बांधली. मग दुसरी बांधली. उभी राहून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पोहे कुठे ठेवलेत ते माहीत आहे ना, वहिनी?”

त्या स्वयंपाकघराकडे वळून बघत राहिल्या. त्यांना माहीत नव्हतं. मी दार ओढून घेतलं.